लाँच थांबेल का

भिंतीवर त्रेसष्ट पिवळी कार्डं होती,
त्यातली अकरा माझ्या अक्षरात.
खिडकीजवळची जागा निवडा.
जागेचा रंग बदला.
पाच फेऱ्यांवर सहावी फुकट.
पुएर्तो मोंतच्या तिसऱ्या मजल्यावरून
आम्ही बेटांवरच्या माणसांना
बरंच काही देऊ करत होतो.

यास्ना कारकामो नवी होती, विश्लेषक.
तिने प्रत्येक कार्डाखाली पेन्सिलीने
एकच शब्द लिहिला: कुणासाठी?
आणि मंगळवारी ऑफिसला आलीच नाही.

ती आदल्या संध्याकाळीच बेटावर गेली होती.
पहाटे पाचला डॉन एरिबेर्तोच्या लाँचमध्ये
बटाट्याच्या पोत्यावर बसली.
काय हवंय, असं तिने कुणाला विचारलं नाही.
असं विचारलं की माणसं
पाहुण्याला गोड वाटेल तेच सांगतात.
विचारलं एवढंच,
मागच्या खेपेला काय झालं?

उबेर्लिंदा बार्रिया, वय एकाहत्तर,
डोळ्याला पट्टी, मांडीवर चीजची टोपली.
म्हणाली, डॉक्टरांना उशीर झाला.
चारची लाँच चारला सुटली.
रात्र दवाखान्याच्या बाकावर काढली,
घरी कोंबड्या कोंडलेल्या.
का सुटली?
बाकीचे सगळे बसले होते.
तुम्ही राहिलात, हे कळलं का नाही?
कुणाला कळणार?
यास्नाने डॉन एरिबेर्तोकडे पाहिलं.
त्याने वही पुढे केली.
जाणाऱ्यांची नावं नीट, वळणदार.
परतीचं पान कोरं.
'येतात ते येतात,' तो म्हणाला.
घोडं पेंड खात होतं ते इथे.

बुधवारी ती आली, पँटला पोत्याची माती.
कार्डं एकेक करून काढली,
फाडली नाहीत, बुटांच्या खोक्यात ठेवली,
खोक्यावर लिहिलं: आत्ता नाही.
माझी अकराही गेली.
जागांचा तो नकाशा
मी दोन आठवडे रात्री जागून केला होता,
आणि सुरेख चालत होता तो.
खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

भिंतीवर एकच कार्ड उरलं.
तपासणीला आलेली बाई म्हणून
मला कळायला हवं, लाँच थांबेल का,
म्हणजे डॉक्टर बोलत असताना
मी घड्याळ बघणार नाही.

किती दिवस? लेओनीदासने विचारलं.
मी म्हटलं, सहा आठवडे.
यास्ना म्हणाली, उद्या.
नर्स मला फोन करेल,
मी डॉन एरिबेर्तोला.
तोवर सॉफ्टवेअर मीच.

तीन आठवडे ती सॉफ्टवेअर होती.
तीन ते पाच जेवायची नाही,
फोन घेऊन जिन्यात उभी.
धक्क्यावर मागे राहिलेले
आम्ही दारावर खडूने मोजले.
नऊ.
मग चार.
मग दोन, आणि दोनावर अडलं.

त्यातच एक गोष्ट कळली,
जी सगळं बांधून झाल्यावर कळली असती
तर कपाळाला हात लावून बसलो असतो.
लाँच थांबते, पण बावीस मिनिटं.
मग ओहोटीत बेटाकडचे खडक उघडे पडतात.
माझ्या नकाशात खिडक्या होत्या,
समुद्र नव्हता.

शुक्रवारी खुर्च्या गोल मांडल्या.
काय जमलं, काय फसलं.
लेओनीदासने विचारलं,
उरलेले दोन कोण?
नाव कुणालाच माहीत नव्हतं.
यास्नाला होतं. एक उबेर्लिंदाच.
लाँच तिच्यासाठी थांबली होती, पूर्ण बावीस मिनिटं,
पण थांबली आहे हे तिला कुणी सांगितलं नाही.
आमचा निरोप होडीपर्यंत पोचला,
बाकापर्यंत नाही.

मी नवं कार्ड घेतलं.
'मोठ्या आवाजाची घंटा' असं लिहू लागलो,
'मोठ्या' पाशीच हात थांबला.
खोडलं.
खाली आधी पेन्सिलीने
तिचाच तो शब्द लिहिला
आणि सोमवारच्या शेवटच्या लाँचची
वेळ विचारली.

पोत्यावर दोघांपुरती जागा असते म्हणे.