कडता

पेठ रोडच्या यार्डात मी एकोणतीस वर्षं मापाडी.
पोतं काट्यावर टेकायच्या आधी
त्याच्या कुशीवरून मला आकडा कळतो.
म्हणून त्यांनी बोलावलं मला
सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, शनिवारी सकाळी,
जुना दांडीचा काटा टेम्पोत घालून,
माणसं तोलायला.

एक आमचाच. थोरल्या बहिणीचा दिगू चारोस्कर.
जेवून उठला तरी बासष्ट.
दुसरा देवळाली कॅम्पचा सोहेल मन्यार.
उपाशी झोपला तरी सदुसष्ट.
दोघांचे गट वेगळे, मधे सरळ शीव आखलेली.
मग आकडा ठरला: साडेचौसष्ट.

कसा ठरला, ते मला सांगायला नको.
रुमाल टाकायचा, खाली बोटं धरायची,
दोन बोटं, एक बोट, अर्धं पेर,
तोंडावर रेघ हलू द्यायची नाही,
रुमाल उचलला की भाव झालेला.
इथे रुमालाखाली शेडवाल्याचा हात होता
आणि पुण्याहून आलेल्या शेठचा.
ज्यांचं वजन, त्यांची बोटं
तेव्हा पट्ट्यांत गुंडाळलेली होती.

मग पंधरा दिवस
बहीण दिगूला भरवत राहिली,
अंडी, केळी, शिरा, रात्री उठवून भाकर-दूध.
आणि तिकडे सोहेल
मे महिन्यात रेनकोट चढवून
गंगापूर धरणाच्या रस्त्यावर धावत होता,
डाव्या बाजूला पाणीच पाणी,
आणि हा पेल्यात थुंकत होता, पेला भरेपर्यंत.

चाळीतल्या कांद्याला घट येते.
ती आम्ही धरतो, शेकडा अमुक, कागदावर.
कांद्याची तक्रार नसते.
पोराच्या अंगातून गेलेलं पाणी
कोणत्या रकान्यात लिहू?

दिगूला म्हणालो, नको घेऊस ही लढत.
मग गट कशाला केलेत? दांडीवर खुणा कशाला?
तो म्हणाला, मामा,
इगतपुरीपासून सटाण्यापर्यंत
माझ्या वजनाचा एक माणूस दाखव.
दोन वर्षं पोत्याशी लढतोय.
पोतं उलट मारत नाही.

यावर मी गप्प बसलो. अजून बसलेलाच आहे.
शीव कुणाच्याच मालकीची नसते,
म्हणून भांडणं तिथेच होतात,
आणि बाजारही तिथेच भरतो.

सोहेल काट्यावर चढला.
मी दट्ट्या सरकवला. चौसष्ट सातशे.
दोनशे ग्रॅम वर. दोन मध्यम कांदे.
डोकं आधीच तासडलेलं,
टॉवेलाचा आडोसा धरून चड्डीही उतरवली,
तरी दांडी वरच.
त्याच्या ओठांना भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या ढेकळासारख्या.
तो गळ्यातला ताईत काढायला लागला.
मी म्हटलं, राहू दे. तो कडत्यात गेला.
शेडवाला हसला.
कडता म्हणजे पोत्याचं सुतळीसकट वजन, ओल, माती,
जे मालात नाही ते वजा.

आणि मग मी ओरडलो, नेहमीच्या सुरात,
साडेचौसष्ट. भरलं.

एकोणतीस वर्षांत माझ्या काट्याला पासंग नव्हता.
पहिला निघाला तो असा,
भाच्याच्या विरुद्ध पारड्यात.

रविवारी दिगू हरला. थोडक्यात, गुणांवर.
चौथ्या फेरीत सोहेलचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे झाले होते,
पण हात येत राहिले.
रात्री त्र्यंबक नाक्यावर रसाच्या गाड्याशी
सोहेल तिसरा ग्लास पीत होता,
पैसे दिगूनं दिले,
एक डोळा पुरता मिटलेला.
म्हणाला, मामा, खरं सांग, किती भरला होता हा?
साडेचौसष्ट, मी म्हणालो.
मग ठीक, म्हणाला, मग हरलो ते बरोबर.

सोहेलनं ग्लासावरून माझ्याकडे पाहिलं
आणि ताईत शर्टाच्या आत सारला.