पुढे विचारा

पिएदाद बाईंना सगळं तोंडपाठ होतं.
दोनशे अकरा, पशुसंवर्धन.
काब्राल आजारी असेल तर दोनशे चौदा,
आणि चौदातला माणूस चहाला कुठे बसतो तेही.

त्या निवृत्त झाल्यावर आम्ही यंत्र बसवलं
पणजीत, आल्तिनोच्या चढावर, गार खोलीत.
साऱ्या गोव्याचे कर्मचारी एकाच झाडावर:
वर राज्य, मग खातं, मग कचेरी,
टोकाला नाव, हुद्दा, फोन.

रोज साडेनऊला ते गुदमरायचं.
पेडण्यात टेकलेला अंगठा ओळख पटवायला पणजीला यायचा,
काणकोणातलाही पणजीलाच,
आणि फेरीधक्क्यावर लागते तशी रांग लागायची:
हॉर्न कुणी वाजवत नाही,
पण सगळे वाजवल्यासारखे बसतात.

मग फांद्या वाटून द्यायचं ठरलं.
काणकोण, केपे, सांगे मडगावच्या सर्व्हरवर,
सत्तरी, डिचोली वाळपईला, बार्देस म्हापशाला.
साहेबांनी फाईलवर विचारलं, मूळ कुणाकडे?
मी लिहिलं, पणजीकडेच,
पण मुळाला पानं ठाऊक नसतात.
शेरा खोडून पुन्हा सरकारी भाषेत लिहावा लागला.

बाई पेन्शनच्या कागदासाठी आल्या होत्या.
चष्मा कपाळावर सारून स्क्रीनकडे बघत म्हणाल्या,
म्हणजे आता सगळं कुणालाच ठाऊक नाही?
नाही.
पणजीला कुणी वेळीप विचारला
तर ती म्हणते, माझ्याकडे नाही, मडगावला विचारा.
"अगो, हें आमच्या वाड्यासारकेंच!"
हळदोण्यात कुणाचंही घर विचारा,
तिंट्यावरचा पदेर म्हणतो, हांगा ना, फुडें विचार.
पुढची बाई आणखी पुढे धाडते,
आणि चौथ्या दारात तो माणूस स्वतःच
फणस कापत बसलेला असतो, तेलाचे हात घेऊन.

प्रत्येक फांदीच्या दोन नकला ठेवल्या, परक्या गावांत.
काणकोणची एक वाळपईला, एक सांग्याला.
दर पंधरा मिनिटांनी त्या एकमेकींना विचारतात, काही नवीन?
एकच नोंद दोन ठिकाणी बदलली
तर उशिरा आलेली जिंकते.
हे मला अजून पटलेलं नाही.

सगुण वेळीप, वनरक्षक, खोतीगाव.
नऊ ऑगस्टला मडगावच्या कारकुनाने नोंद काढली.
कारण: मृत्यू.
उसगावजवळ रस्ता खणताना तार तुटलेली,
म्हणून वाळपईत तो आणखी तीन दिवस होता,
आणि रजेचं काम तेव्हा वाळपईकडे बघून चालायचं.
त्याच्या फोनवर निरोप गेला,
आपली अर्जित रजा मंजूर.
बायकोने तो वाचला, नंबर शोधून मला फोन लावला.
आवाज चढवला नाही. विचारलं,
ही रजा आता कुणी घ्यायची?

काढलेलं नाव लगेच पुसत नाहीत,
हे मी तिला सांगितलं नाही.
त्याचं थडगं ठेवतात.
शब्द आमच्या पुस्तकातलाच आहे.
एकशे ऐंशी दिवस एक रिकामी खूण,
उशिरा येणाऱ्या नकलेला कळावं म्हणून
की हा गेला.
त्याहून जास्त जी नक्कल गप्प राहते
ती परत येते तेव्हा थडगी उरलेली नसतात.
ती भाबडेपणाने सगळ्यांना वाटत सुटते,
ही माणसं तुमच्याकडे नाहीत, घ्या.

सांग्याच्या पेटीत जुलैत पाणी शिरलं होतं.
ती आज आली, मार्चात, जीपमधून,
गोणपाटात गुंडाळून.
नियम असा की जोडण्याआधी पुसायची.
मी वीज दिली आहे, तार दिलेली नाही.
जेवणाची वेळ टळून गेली.
ती एकटीच चालू आहे,
विचारलं की सांगते:
वेळीप सगुण, वनरक्षक, फोन अमुक अमुक.
पुढे कुणाला विचारा म्हणत नाही.

म्हापशाहून फोन वाजतोय.
कुणीतरी पासवर्ड विसरलंय.