पाचवा पेला

वूव्रेजवळ, चुनखडीच्या पोटातलं तळघर.
ओदीलबाई आधी बुटांचा चिखल बघतात,
मग माणसांकडे.
"गिळायची घाई नको. थुंकायला बादली आहे,
लाजायला इथे कुणी नाही."

पहिल्यात हिरवं सफरचंद. दुसऱ्यात ओला दगड;
निवृत्त पोस्टमन गास्तों म्हणतो, पाकिटाचा डिंक,
आणि बाई मान डोलावतात: तेही बरोबर.
तिसरा गोड. चौथ्याबद्दल कुणीच बोललं नाही,
पेले मात्र रिकामे.

पाचव्यात बाई काहीच ओतत नाहीत.
"हुंगा."
आम्ही शहाण्यासारखे नाक खुपसतो.
काच. थोडा फडक्याचा वास.

"त्या एप्रिलात रात्रभर वेलींच्या ओळींतून
मेणबत्त्या लावत फिरलो, मी न् एर्वे.
पहाटे कोंब काळे."

बाहेर लुआर वाहतेच आहे.
गास्तों अजून हुंगतोय.
"धूर," म्हणतो.