हातभर अंतर

कुवाबारांच्या दुकानात घासाघीस चालत नाही.
काउंटरवर हिरवं फडकं अंथरून
त्यांनी दोन कॅमेरे ठेवले शेजारी शेजारी,
सोयरिकीला बसवल्यासारखे,
आणि स्वतः आत गेले, चहा ओतायला.

मी हाकोदातेत ट्राम चालवतो.
युनोकावा ते याचिगाशिरा, आणि परत.
टोकाच्या थांब्यावर सहा मिनिटं मिळतात,
त्यातली दोन लघवीची.
उरलेल्या चारात दिसेल ते टिपायचं,
एवढीच माझी गरज.

पहिला काळा, साबणाच्या वडीएवढा.
झूम नाही; जवळचं हवं तर पाय झिजवा.
भिंग मात्र दिलदार:
मिणमिणत्या गल्लीतल्या पाटीचंही
अक्षर फुटत नाही.
बटण दाबायचा अवकाश, जागा,
माझ्या सासूसारखा,
हाक मारायच्या आत.
बॅटरी दुपारीच मान टाकते.

दुसरा रुपेरी, कोपऱ्याला पोचा,
तीसपट झूम.
दारात उभा राहून सामुद्रधुनीकडे रोखला
तर माकुळांच्या नावांवरचे दिवे
एक एक मोजता आले,
पण भरड दळल्यासारखे, सगळा रवा.
रात्र पडली की याच्या डोळ्यात खडा जातो.
बॅटरी तीन दिवस पुरते, कुवाबारांच्या शब्दावर.
किमतीत फरक आठशे येनांचा,
म्हणजे फरक नाहीच.

"रोजच्या वापराला?" कपबशी ठेवत त्यांनी विचारलं.
"रोजच्या."
"रोज म्हणजे काय, ते आधी ठरवा."

चहा गरम होता. वेळ काढायचा म्हणून
रुपेरीचं फोटो बघायचं बटण दाबलं.
आत कार्ड नव्हतं,
तरी फोटो निघाले. पोटातल्या जागेत, अकरा.

गॅसची खुंटी. आडवी. बंद.
कोपऱ्यात नारिंगी तारीख, सहा चाळीस.
खुंटी. बंद. सहा एक्केचाळीस.
खुंटी.
एकात भिंगावर आलेलं बोट.
एकात किटलीच्या फुगीर पोटात
वाकडी झालेली बाई: निळा स्वेटर, खांद्याला पिशवी,
तोंडाच्या जागी कॅमेरा.
अकराही वेळा बंद.

चंद्रावरचे खड्डे दारात आणून देणारं भिंग,
आणि अंतर हातभर.

बस अर्ध्यात आल्यावर
छातीत धस्स होत असेल.
मग पिशवी, मग कॅमेरा, मग ही आडवी खुंटी,
मग श्वास.
हे अकरा दिवस कार्ड घरी राहिलं असणार.
कार्डात किती असतील, कोण जाणे.

"पुसायचं राहिलं, माफ करा," कुवाबारा ओशाळले.
पडद्यावर प्रश्न आला: सगळं पुसायचं?
नखाने त्यांनी हो दाबलं.
"कोणी आणून दिला?"
"भाच्याने. खोकंभर सामान होतं."
त्यांनी फडक्याची घडी घातली.
मीही पुढचं विचारलं नाही.

घेतला काळाच.
हिशोब सरळ होता: अंधार, खिसा, चार मिनिटं.
जादा बॅटरी त्यांनी तशीच दिली,
घासाघीस न करता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बूट चढवले,
नाड्या आवळल्या, कुलूप लावलं.
बर्फ भुरभुरत होतं.
चौथ्या पायरीवर थांबलो.
मग उलटा: पायऱ्या, कुलूप, नाड्या, बूट.

बंदच होती.
दिवा लावला नाही, घरात झोपले होते,
तरी फोटो स्वच्छ आला,
खुंटीवरचा तेलाचा थेंबसुद्धा.

पहिली ट्राम दोन मिनिटं उशिरा सुटली.
वहीत कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं: बर्फ.