हरकतीचे दोन रुपये

शिरोड्याच्या प्राथमिक शाळेत, दुसरीच्या वर्गात,
जिथे बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागतात,
मी आणि कामिल फुर्तादो
एकतीस वर्षं शेजारी बसलो
एकमेकांच्या विरुद्ध.

त्याची पेन्सिल लाल, माझी निळी.
मतदार यादी एकच.
नाव पुकारलं की दोघांच्या माना एकदम खाली,
जसे एका पंगतीतले दोन भाऊ
कुणाच्या ताटात जास्त पडलं ते बघतात.

माझ्या बापाने सदुसष्टात फुलावर शिक्का मारला,
त्याच्या बापाने दोन पानांवर.
"फूल आनी पानां," कामिल म्हणायचा,
"झाड कोणाचें तें कोणेंच विचारूंक ना."
त्याआधी सिंह होता, हात होता.
नंतर चिन्हं इतकी बदलली
की चुन्याचा थर भिंतीहून जाड झाला.

चौऱ्याण्णवच्या एका दुपारी
आमच्या लोकांनी एक बाई आणली.
डोक्यावर पदर, हातात चिठ्ठी : सत्यभामा गावकार.
सत्यभामेला श्रावणात मी स्वतः खांदा दिला होता.
मी यादीत डोकं खुपसलं.
टोक केलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक करत राहिलो.
कामिल उठला,
खिशातली दोन रुपयांची नोट
अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवली.
"हरकत."
बाई आली तशी गेली, उंबऱ्याला ठेचकाळून.

तीन महिने मी त्याच्याशी बोललो नाही.
इंत्रूजाला त्याच्या बायकोने दोदोल पाठवला.
दोन दिवस झाकून ठेवला, तिसऱ्या दिवशी खाल्ला.
खाताना वाटलं,
त्या दुपारी माझ्या हातून एक गोष्ट घडायची राहिली
ती मी चांगला म्हणून नव्हे,
शेजारी तो बसला होता म्हणून.
हे कुठल्या जाहीरनाम्यात नसतं.

मग एका रात्री त्यांचा आमदार आमच्यात आला.
देवळात नारळ, इगर्जेत मेणबत्ती, पिराकडे चादर,
'पक्ष सोडणार नाही' अशी तिन्हीकडे शपथ घेतलेला.
तिन्हीकडून कुणी हरकत घेतली नाही.
देवांकडे सुटे नसावेत.
सकाळी पेपरात कारण आलं : विकास.
त्याच्यामागून मंडळ, मंडळामागून पंच,
आणि पोराची नोकरी कायम व्हायची होती म्हणून
सगळ्यात शेवटी, चप्पल घासत,
कामिल.

या खेपेला समोर कुणी नाही.
दुसऱ्यांना म्हणे एजंटच मिळाला नाही.
कामिलला एका अपक्षाच्या नावावर आत बसवलाय,
तो अपक्षही आमचाच.
लाल खूण, निळी खूण,
दोन्ही एकाच नावासमोर, एकाच सुस्तीने.
वास्कोहून आलेली अधिकारी पोरगी खूश :
"किती शांत बूथ आहे तुमचं!"

मी पाण्याची बाटली उघडतो, बंद करतो.
शांत आहे खरं.
मसणातही असते एवढी शांतता.

अकराच्या सुमाराला कामिल जांभई देतो.
"अशें बसल्यार न्हीद येता, शेणैबाब.
एकल्यान तरी विरोधांत बसूंक जाय."
"कोणी?"
तो खिसा चाचपतो. दोन रुपयांचं नाणं.
"छाप पडल्यार तूं."

नाणं पंख्याखाली चमकतं,
फळ्यावरच्या बाराखडीला लागतं,
आणि घरंगळत जातं बुटक्या बाकांच्या रानात.
आम्ही दोघे म्हातारे
रांगत, एकमेकांवर खेकसत,
शेंगदाण्याची टरफलं, खडूचे तुकडे
हाताने बाजूला सारत राहतो.

दाराशी कुणी बाई आली आहे,
डोक्यावर पदर.
ती आपलं नाव सांगते.
यादीत बघायला
बाकावर कुणीच नाही.