निवडताना

वडिलांच्या चाळिसाव्याचा तांदूळ निवडायला बसले आहे.
उझगेनचा, लालसर, बारा किलो.
परातीत पसरला की यातले खडे तांदळासारखेच दिसतात,
म्हणून डोळ्यांनी नाही, बोटांनी बघायचं,
असं झूराकान आत्या म्हणते.
तिची दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली.

बाहेर तेमिरकुल दादाने घोडी पाडली आहे.
कातडं सोलताना चार माणसं लागतात, आरडाओरडा लागतो,
आणि कोणीतरी मोठ्याने म्हणावं लागतं
की नारीनच्या या अंगाला एवढी चरबी कोणी पाहिली नव्हती.

दफनाच्या दिवशी इमामाने तीन गोष्टी सांगितल्या.
पोरगाच तो, मदिनेहून शिकून आलेला,
दाढी अजून गालांपर्यंत पोचलेली नाही.
एक, मृतासाठी गळा काढून रडू नका.
दोन, दुःखाच्या घराने गावजेवण घालू नये,
गावाने त्या घराला जेवू घालावं.
तीन, मुलीला मुलाच्या निम्मा वाटा द्या, तो तिचा हक्क आहे.

पहिली गोष्ट दादाने जागच्या जागी मान्य केली.
दुसऱ्या गोष्टीला म्हणाला, लोक काय म्हणतील.
तिसरी बोलली जात होती तेव्हा
वारा सुटला होता म्हणे.

आमच्याकडे मुलगी तंबूत दाराकडे पाठ करून बसते,
नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून
बापाचं आयुष्य ओळीओळीने सांगते, रडत.
दोन वर्षं त्यांचा खोकला ऐकत
मी माझ्या ओळी जुळवल्या होत्या.
एकोणचाळीस दिवस झाले,
त्या घशातच आहेत, हाडासारख्या आडव्या.

आत्याला सोळाव्या वर्षी घोड्यावर टाकून आणली.
मुलीच्या होकाराशिवाय निकाह लागत नाही
हे किताबात तेव्हाही होतं.
किताब त्या दिवशी कपाटात होता.
मुल्ला मात्र वेळेवर आला,
आणि जेवून गेला.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.
रोजे धरते, पण घोडीचं आंबवलेलं दूध सुटलं नाही,
त्याला नशा म्हणायला जीभ वळत नाही.
निम्म्या वाट्याचं वाक्य मला पाठ आहे.
त्याच अध्यायात पुढे बायकांबद्दल आणखी काय काय आहे
तिथे पोचायच्या आत मला झोप येते.

दर गुरुवारी आत्या कढईत तेल तापवते,
चार बोरसोक तळते,
वास वर जातो आणि गेलेल्यांना पोचतो म्हणून.
इमाम म्हणाला, पोचत नाही.
आत्या म्हणाली, बरं बाळा, बस.
त्याने सात खाल्ले.
त्याचा धाकटा भाऊ नदीत गेला त्याला तीन वर्षं झाली.
त्याच्या आईच्या धुराड्यातूनही गुरुवारी तोच वास येतो,
आणि तो तेव्हा घरीच असतो.

काल मी दादाला विचारलं, खालच्या कुरणाचं काय करायचं?
तो म्हणाला, आपल्यात अशी पद्धत नाही.
मी म्हटलं, आणि रडायची?
तो म्हणाला, धर्मात बसत नाही.
दोन वाक्यांमध्ये त्याने श्वाससुद्धा घेतला नाही,
इतकी त्याला दोन्ही खरी वाटतात.
माझ्यावर त्याची माया आहे. हेही खरंच आहे.
घोडीच्या बरगडीचा पहिला तुकडा उद्या मलाच देईल.

परातीच्या कडेला एक खडा लागला.
अगदी दाण्याएवढा, दाण्याच्याच रंगाचा.
बोटांच्या चिमटीत थोडा वेळ धरला.
मग परत तांदळात सोडला,
वरून हात फिरवला.

आत्याने मान वळवली.
निवडून झालं का गं, नुरझामाल?

झालं, म्हटलं.