शून्यचूक

शिरोलीच्या फौंड्रीत, कोअर शॉपच्या वरच्या खोलीत
सकाळपासून मुलाखती.
जागा एक, क्वालिटी इन्स्पेक्टर.
जिन्यावर अकरा जण,
मांडीवर फाईल, धुतलेल्या बुटांवर आमची काळी वाळू.

तिसरा धैर्यशील देसाई, गाव गारगोटी.
"व्हय सर" म्हणाला
आणि माझ्या आत कुणीतरी
मांडी घालून ऐसपैस बसलं.
प्रश्न पाच ठरलेले. मी सहावा विचारला,
"वेदगंगेत पोहतोस का रं अजून?"
तो हसला. मी हसलो.
चौगुल्यांनी घड्याळ बघितलं.
आठ लिहिताना पेन
उतारावरच्या सायकलीगत सुटलं.

सातवी यास्मिन बारगीर, कागल.
"ब्लोहोल कशानं पडतं?"
"गॅस. ओल."
पुढं काही नाही. समोरचं पाणीही तसंच.
पाच लिहिले.
का पाच, असं कुणी विचारलं असतं
तर म्हणालो असतो, तसं वाटलं.

शेवटी प्रत्येकापुढं एक बुश आणि माझा व्हर्नियर.
धैर्यशीलनं बुश धरला,
आकडा सांगितला, ऐटीत.
तिनं मध्ये काहीच धरलं नाही.
नुसते जबडे मिटले,
खिडकीच्या उजेडात शून्य बघितलं.
"ह्यो दोन रेघा जास्त दाखवतोय, सर."

दहा वर्षं माझ्या खिशात आहे तो.

जेवणाच्या सुट्टीत भट्टी गुरगुरत होती.
मीही जबडे मिटून बसलो.
वेदगंगेच्या पाण्याला किती रेघा जास्त?
लगेच हसणाऱ्याला किती?
गप्प राहणाऱ्याला किती कमी?
पाचाचे सात करू म्हटलं,
तर ते तिच्या उत्तराचे
की माझ्या लाजेचे?
व्हर्नियर तपासायला स्लिप गेज असतो,
कपाटात, तेल लावून, मखमलीत.
मला काय लावून बघायचं?

चौगुल्यांना म्हटलं, नावं दुमडा, गावं दुमडा,
माझे आकडे खोडा.
नुसती उत्तरं वाचा, मोठ्यानं.
चष्मा पुसून ते वाचायला लागले,
सातबारा वाचावा तसं, कोरडं.
"गॅस. ओल."
उत्तर तेवढंच होतं. पुरं होतं.

मग पुढचा कागद.
"तसं बघाय गेलं तर, सर..."
नाव दुमडलेलं, गाव दुमडलेलं,
तरी माझ्या पायाला
गार पाणी लागलं.